पायदळाचा जनरल युदेनिच: एर्झुरुम का पडले आणि पेत्रोग्राद का हुकले

पहिल्या महायुद्धातल्या रशियाची गोष्ट आपण बहुतेक वेळा पराभवांची म्हणून वाचतो. कॉकेशसची आघाडी याला अपवाद आहे. तिथे तुर्कांविरुद्ध रशियन सैन्य १९१४ ते १९१६ या काळात एकही मोठी मोहीम हरले नाही. त्या सैन्याचा मेंदू होता निकोलाय निकोलायेविच युदेनिच. तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, हाच माणूस पेत्रोग्रादच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) वेशीवरून परत फिरला आणि त्याचे सैन्य विरून गेले. दोन्ही निकालांची कारणे बरीचशी एकाच ठिकाणी सापडतात: सैन्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे रेल्वे, रसद, कपडे आणि बातमी यांत.

आधी हुद्द्याचा घोळ सोडवू. 'पायदळाचा जनरल' म्हणजे फक्त पायदळ हाताळणारा अधिकारी, असा अर्थ नाही. पीटर द ग्रेटने १७२२ साली सरकारी आणि लष्करी पदांची चौदा वर्गांची श्रेणी ठरवून दिली. युदेनिचच्या काळात तीत चौथ्या वर्गात मेजर जनरल, तिसऱ्यात लेफ्टनंट जनरल, दुसऱ्यात पूर्ण जनरल आणि पहिल्यात फील्डमार्शल होता. दुसऱ्या वर्गातल्या जनरलच्या पदाला त्याच्या मूळ दलाचे नाव जोडत: पायदळाचा, घोडदळाचा, तोफखान्याचा किंवा अभियंत्यांचा जनरल. म्हणजे हे नाव त्याची घडण कुठे झाली ते सांगते. युदेनिचच्या हाताखाली कॉसॅक घोडेस्वार होते, अवजड तोफा होत्या, विमानेही होती. फील्डमार्शलपद क्वचितच मिळत असल्यामुळे बहुतेकांची चढण इथेच संपायची.

तारखांचेही ध्यानात ठेवावे लागते. रशियात १९१८ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग होते आणि विसाव्या शतकात ते आपल्या वापरातल्या पंचांगाच्या १३ दिवस मागे होते. त्यामुळे एकाच लढाईच्या दोन तारखा दिसतात आणि वाचणारा गोंधळतो. या लेखातल्या तारखा नव्या पंचांगाच्या आहेत.

युदेनिचचा जन्म ३० जुलै १८६२ रोजी मॉस्कोत झाला. वडील भूमापन शिकवणाऱ्या शाळेचे संचालक होते, म्हणजे घर सरकारी नोकरदाराचे, जमीनदाराचे नव्हे. १८८१ मध्ये तो अलेक्सांद्रोव्हस्कोये लष्करी विद्यालयातून बाहेर पडला आणि १८८७ मध्ये जनरल स्टाफ अकादमी पूर्ण केली. या अकादमीचा शिक्का बसलेला अधिकारी नकाशे, वेळापत्रके आणि रसदीचे हिशेब यांत तयार होत असे. पुढे वॉर्सा आणि नंतर तुर्कस्तान (आजचा मध्य आशिया). १८९४ मध्ये तो पामीर तुकडीचा स्टाफप्रमुख, म्हणजे सेनापतीच्या नियोजन कचेरीचा प्रमुख, होता. रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडू पाहत होत्या, तोच हा प्रदेश; पुढच्याच वर्षी दोघांच्या मध्ये वाखानची अफगाण पट्टी ठेवण्याचा करार झाला. उंच, उजाड, सरपण न मिळणाऱ्या मुलखात माणसे आणि जनावरे कशी जगवायची, याचा पाठ युदेनिचला तिथेच मिळाला असणार.

जपानविरुद्धच्या युद्धात तो १८ व्या रायफल रेजिमेंटचा प्रमुख होता. १९०५ मध्ये सांदेपू आणि मुकदेन इथे तो लढला, जखमी झाला, शौर्यासाठी सोन्याच्या मुठीची तलवार मिळाली आणि मेजर जनरलपदही. १९०७ पासून त्याचा मुक्काम मुख्यतः कॉकेशसमध्ये. १९१३ मध्ये तो तिथल्या लष्करी विभागाचा स्टाफप्रमुख झाला. याचा अर्थ असा की युद्ध पेटले तेव्हा सरहद्दीवरची वाट न् वाट, खिंड न् खिंड त्याने आधीच अभ्यासलेली होती.

सारीकामिश: माघार न घेण्याचा हिशेब

डिसेंबर १९१४. तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाने तिसऱ्या सैन्याची सूत्रे स्वतः हाती घेतली. बेत कागदावर देखणा होता. ११ व्या कोअरने (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेला सैन्याचा मोठा गट) रशियनांना समोरून गुंतवून ठेवायचे. ९ व्या आणि १० व्या कोअरने डावीकडून डोंगर ओलांडून मागे उतरायचे आणि सारीकामिश गाठायचे. सारीकामिश हे कार्सहून येणाऱ्या रेल्वेचे शेवटचे स्थानक. ते गेले की पुढच्या रशियन सैन्याची रसद तुटली.

बेत फसला तो तीन ठिकाणी. सारीकामिश दोन हजार मीटरपेक्षा उंचीवर आहे आणि भोवतीचे डोंगर त्याहून उंच. तिथे डिसेंबरच्या रात्री पारा शून्याच्या २० ते ३० अंश खाली जातो. तुर्की शिपायांपैकी अनेकांकडे जाड कोट नव्हते, पायांत साध्या चामडी वहाणा होत्या. दुसरे, १० वी कोअर पळणाऱ्या रशियन तुकडीचा पाठलाग करत ठरलेल्या वळणाच्या पलीकडे उत्तरेला गेली. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी तिला अल्लाहुएकबेर डोंगर बर्फाच्या वादळात ओलांडावा लागला आणि तिथेच हजारो माणसे गोठून मेली. तिसरे, वेळापत्रकात विश्रांतीला आणि चुकीला जागाच नव्हती. २६ डिसेंबरला तुर्क सारीकामिशपाशी पोहोचले ते थकून, तुकड्यातुकड्यांनी.

पण रशियन बाजूलाही घबराट होती. आघाडीवरची सूत्रे हाती असलेल्या जनरल मिश्लायेव्हस्कीने सर्वसाधारण माघारीचा हुकूम दिला आणि तो तिफ्लिसला (आजचे त्बिलिसी) निघून गेला. युदेनिचने माघारीला विरोध केला. त्याचा हिशेब सरळ होता. मागे जायला धड रस्ता नाही, रेल्वे शत्रूच्या टप्प्यात, तोफा आणि गाड्या डोंगरातून काढता येणार नाहीत. म्हणजे माघार घेतली तर सैन्य वाचत नाही, उलट वाटेत संपते. समोर उभा असलेला शत्रू मात्र दिवसागणिक थंडीने झिजतो आहे. त्याने दुसऱ्या तुर्कस्तान कोअरची (नाव तुर्कस्तानचे, पण कोअर रशियन) सूत्रे घेतली, समोरची आघाडी धरून ठेवली आणि सारीकामिशकडे एकेक तुकडी कुमक पाठवली. जानेवारीच्या सुरुवातीला ९ वी कोअर वेढली गेली आणि सेनापती इहसान पाशासह कैद झाली. तुर्की तिसऱ्या सैन्याचा बराच मोठा भाग त्या बर्फात संपला.

या विजयासाठी युदेनिचला सेंट जॉर्ज ऑर्डर या लष्करी सन्मानाचा चौथा वर्ग मिळाला (इथे पहिला वर्ग सर्वांत वरचा), पायदळाचा जनरल हा हुद्दा मिळाला आणि कॉकेशस सैन्याचे सेनापतिपदही. १९१५ च्या उन्हाळ्यात अलाश्केर्टच्या खोऱ्यात त्याने दुसरी चाल दाखवली. तुर्क पुढे घुसत राहिले, त्यांना तो घुसू देत राहिला आणि बगलेला गुपचूप जमवलेली फौज जनरल बारातोव्हच्या हाताखाली नेमक्या वेळी सोडली. ऑर्डरचा तिसरा वर्ग त्याचा.

त्याच वर्षाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑटोमन (तुर्की) सरकारने याच काळात अनातोलियातल्या आर्मेनियन प्रजेची हद्दपारी आणि कत्तल सुरू केली. रशियन सैन्य मे महिन्यात व्हान शहरात पोहोचले, पण उन्हाळ्यात ते मागे हटले तेव्हा त्याच्यासोबत निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे कॉकेशसकडे निघाले आणि वाटेत असंख्य माणसे मेली. नकाशावरचे बाण पाहताना त्या बाणांखाली ही माणसे चालत होती, हे विसरून चालणार नाही.

एर्झुरुम: तयारी कशाला म्हणतात

सप्टेंबर १९१५ मध्ये झारच्या वडिलांचे चुलतभाऊ, ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच, कॉकेशसचे व्हाइसरॉय म्हणून आले. युदेनिचचे नाव आणि पितृनामही हेच, म्हणून वाचताना जपावे. ग्रँड ड्यूकने युद्धाचे काम बहुतांशी युदेनिचवर सोपवले.

१९१५ च्या शेवटी दोस्त राष्ट्रांनी गॅलिपोलीतून पाय काढायला सुरुवात केली. ९ जानेवारी १९१६ ला तिथला शेवटचा सैनिक निघाला. मोकळे झालेले तुर्की डिव्हिजन आता कॉकेशसकडे येणार, हे उघड होते. मात्र एर्झुरुम या तुर्कांच्या किल्लेबंद शहराला रेल्वे नव्हती. तुर्कांचे सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक शेकडो किलोमीटर दूर, तिथून पुढे पायी. म्हणजे कुमक पोहोचायला वसंत ऋतू उजाडणार. युदेनिचने ठरवले की हल्ला त्याआधी करायचा, ऐन हिवाळ्यात. अशा हिवाळ्यात कोणी हल्ला करणार नाही, अशी तुर्कांची खात्री होती. तिसऱ्या सैन्याचा सेनापती महमूद कामिल पाशा त्या वेळी इस्तंबूलला गेलेला होता.

तयारीत युदेनिचने काय काय केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सारीकामिशला शत्रूचे जे झाले ते आपले होऊ नये, हा त्यामागचा धडा दिसतो. प्रत्येक शिपायाला मेंढीच्या कातड्याचा आखूड कोट, लोकर ठोकून केलेले जाड वालेन्की बूट, कापूस भरलेली विजार, पायाला गुंडाळायच्या उबदार पट्ट्या, हातमोजे आणि मानेपर्यंत उतरणारी टोपी. बर्फात दिसू नये म्हणून वरून पांढऱ्या सुती कापडाचा झगा. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे जातात, म्हणून काळे चष्मे. आणि मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट: प्रत्येकाच्या पाठीवर सरपणाचे दोन ओंडके. वर झाड नावाला नाही. माणूस रात्री शेकला नाही तर सकाळी उठत नाही. त्याच ओंडक्यांवर चहा होतो आणि ओले बूट वाळतात. न गोठलेले ओढे ओलांडायला खुंट आणि फळ्या होत्या. हवेचा अंदाज घेण्यासाठी हवामान केंद्रे उभारली होती, कारण त्या डोंगरात हल्ल्याची वेळ घड्याळापेक्षा वादळ ठरवते.

एवढे करूनही मोहिमेत हजारो रशियन शिपायांना हिमदंश झाला. तयारी नसती तर काय झाले असते, ते सारीकामिशच्या तुर्की पलटणींनी दाखवलेच होते.

याच्या जोडीला हुलकावणी. रशियन सैन्य इराणच्या बाजूने हालचाल करणार, अशी आवई उठवून दिली. त्यासाठी तिकडे उंट खरेदी करायला लावले. चौथ्या कॉकेशियन रायफल डिव्हिजनला इराणकडे जाण्याचा हुकूम मुद्दाम सांकेतिक भाषेत न पाठवता उघड तारेने पाठवला. अधिकाऱ्यांना रजा दिल्या आणि सणासाठी काहींच्या कुटुंबांना आघाडीजवळ येऊ दिले. खरा बेत माहीत असलेली माणसे अगदी मोजकी होती. गुपित राखण्याचा युदेनिचचा नियम साधा: ज्याला काम करायचे त्याला कामापुरतेच सांगायचे. तो मुळात अबोल होता, ठेंगणा, जाडसर, लांब मिशांचा. आणि आपला छोटा स्टाफ घेऊन आघाडीच्या जवळ राहायचा.

१० जानेवारी १९१६ ला चढाई सुरू झाली. क्योप्रूक्योयच्या लढाईत तुर्कांची फळी आठवड्याभरात फुटली आणि ते एर्झुरुमच्या तटबंदीमागे गेले. इथे गाडी अडली. ग्रँड ड्यूक किल्ल्यावर हल्ला करायला राजी नव्हता आणि गोळ्या-काडतुसे संपत आली होती. युदेनिचने कार्स किल्ल्याचा राखीव साठा मागितला. नकार आला, मागे फिरण्याचा आदेश आला. त्याने पुन्हा समजावले: शत्रू आत्ता विस्कळीत आहे, महिन्याने तो ताजा असेल आणि तेव्हा याच किल्ल्यासाठी कितीतरी अधिक माणसे द्यावी लागतील. शेवटी परवानगी आणि साठा दोन्ही मिळाले. कार्सहून अवजड तोफाही आणल्या.

एर्झुरुम सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. पूर्वेला देवेबोयनूचा डोंगर आडवा पसरलेला आणि त्यावर किल्ल्यांची माळ. त्याच्या उत्तरेला कारगापाझारचे पठार, सुमारे तीन हजार मीटर उंच. हिवाळ्यात तिथून सैन्य येऊच शकत नाही असे गृहीत धरून तुर्कांनी ते नीट बांधून काढले नव्हते. युदेनिचने घाव घालायला हीच फट निवडली. चौथी कॉकेशियन रायफल डिव्हिजन आणि डोन पायदळ ब्रिगेड त्या पठारावर चढवली. तोफा सुट्या करून, दोरांनी ओढत, माणसांच्या खांद्यांवर वर नेल्या. उत्तरेकडून दुसरी तुर्कस्तान कोअर कारागोबेकच्या किल्ल्यावर आणि पूर्वेकडून पहिली कॉकेशियन कोअर देवेबोयनूवर, असे तीन दाब एकाच वेळी पडायचे होते. तुर्कांनी राखीव फौज एकीकडे हलवली की दुसरीकडे भगदाड पडावे, हा त्यातला हेतू.

११ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. त्याच रात्री कर्नल पिरुमोव्हच्या १५३ व्या बाकू रेजिमेंटच्या तुकड्यांनी दालान्गोझचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तुर्कांनी त्यांच्यावर लाटेमागून लाट सोडली. मागून दारूगोळा येत नव्हता, काडतुसे संपल्यावर ते संगिनींनी लढले. रात्री काडतुसे पोहोचली तेव्हा मूठभर माणसे शिल्लक होती, त्यांतही बरीच जखमी. १४ तारखेला वैमानिकाने बातमी आणली की शहरातून गाड्यांच्या रांगा पश्चिमेकडे निघाल्या आहेत. शत्रू निघतो आहे हे कळताच युदेनिचने सगळ्या आघाडीला एकदम पुढे ढकलले. १६ फेब्रुवारी १९१६ ला एर्झुरुम पडले. तीनशेच्या वर तोफा हाती आल्या.

यासाठी सेंट जॉर्जचा दुसरा वर्ग मिळाला. त्या युद्धात तो अवघ्या चार रशियनांना मिळाला आणि युदेनिच त्यातला शेवटचा. एप्रिलमध्ये नौदलाच्या मदतीने त्राब्झोन आणि जुलैमध्ये एर्झिन्जान त्याच्या सैन्याने घेतले. एवढा मुलूख खाऊ-पिऊ घालायला गाड्या पुरणार नाहीत, म्हणून रशियनांनी सारीकामिशपासून एर्झुरुमपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे टाकली.

कूटच्या वेढ्यातल्या मराठा पलटणी

या मोहिमेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. एर्झुरुमवर चढाई चालू होती तेव्हा मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा इथे सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. इराणमध्ये असलेली जनरल बारातोव्हची कोअर ही युदेनिचच्याच सैन्याचा भाग. ती फेब्रुवारीअखेर केरमानशाहला पोहोचली आणि पुढे इराकच्या सरहद्दीकडे सरकली. बारातोव्ह वेळेवर आला तर वेढा सैल होईल, ही आशा होती. पण अंतर फार, माणसे थोडी, इराणच्या घाटांतली रसदीची वाट लांबलचक. ७ डिसेंबर १९१५ पासून चाललेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. घोड्याचे मांस आणि मूठभर धान्यावर तगलेले सुमारे १३ हजार सैनिक कैदेत गेले आणि त्यांतले कितीतरी परतले नाहीत. बारातोव्हची एक कॉसॅक तुकडी ब्रिटिशांना येऊन मिळाली, पण तोवर मे उजाडला होता.

पेत्रोग्राद: हातात काहीच नसताना

१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर (हे नाव जुन्या पंचांगाचे; नव्याने मार्च) युदेनिच काही आठवडे कॉकेशस आघाडीचा सरसेनापती होता. उपाशी आणि आजारी सैन्य घेऊन हल्ला करायला तो तयार नव्हता. हंगामी सरकारने त्याला दूर केले. बोल्शेविक सत्तेवर आल्यावर तो पेत्रोग्रादमध्ये लपून राहिला आणि १९१८ च्या शेवटी फिनलंडला निसटला. जून १९१९ मध्ये 'गोऱ्या', म्हणजे बोल्शेविकविरोधी, रशियनांचा नेता कोल्चाक याने त्याला बाल्टिक भागातल्या गोऱ्या फौजांचा सरसेनापती नेमले.

आता कॉकेशसशी तुलना करून पाहा. तिथे लाखभर आणि त्याहून अधिक सैन्य होते. इथे वायव्य सैन्यात हल्ल्याच्या वेळी लढाऊ माणसे सुमारे १८,५००. तिथे मागे स्वतःचा देश आणि स्वतःची रेल्वे होती. इथे पिछाडी एस्टोनियात, म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या दुसऱ्या देशात. बूट, बंदुका, रणगाडे ब्रिटिशांकडून, तेही उशिरा. फिनलंड आणि एस्टोनिया मनापासून मदतीला यायचे तर त्यांचे स्वातंत्र्य मान्य करायला हवे होते, आणि कोल्चाक ते मान्य करत नव्हता. ज्यांच्या अंगणातून चढाई करायची त्यांना 'तुमचे घर आमचेच आहे' असे सांगितले तर ते दार कशाला उघडतील?

ऑक्टोबरमध्ये तरीही वेगाने सुरुवात झाली. यांबुर्ग पडले, मग गातचिना, मग त्सार्स्कोये सेलो. शेवटचे ठाणे पुल्कोवोच्या टेकड्यांचे. तिथून पेत्रोग्राद दिसत होते. हरण्याचे मुख्य कारण इथे रुळांवरच सापडते. मॉस्कोहून येणारी निकोलायेव्हस्काया रेल्वे तोस्नो स्थानकाजवळ तोडायची, हे काम जनरल वेत्रेंकोच्या डिव्हिजनकडे होते. ते झाले नाही. पेत्रोग्रादमध्ये आधी शिरण्याची ओढ मोठी ठरली आणि ती रेल्वे शाबूत राहिली. त्याच रुळांवरून लाल (बोल्शेविक) सैन्याची कुमक गाडीमागून गाडी भरून उतरली. लाल सैन्याचा प्रमुख त्रोत्स्की स्वतः शहरात येऊन बसला. त्यातच बेर्मोन्ट-अवालोव्ह नावाच्या दुसऱ्या गोऱ्या सेनानीने नेमक्या त्याच महिन्यात लात्वियातल्या रिगावर हल्ला केला. त्यामुळे ब्रिटिश आरमाराचे लक्ष तिकडे विभागले गेले आणि किनाऱ्यावरचा क्रास्नाया गोर्का किल्ला लाल सैन्याकडेच राहिला. म्हणजे युदेनिचच्या बगलेत काटा तसाच.

२१ ऑक्टोबरला लाल सैन्याने उलट हल्ला केला. सारीकामिशचा युदेनिच आणि हा युदेनिच यांत एक फरक जाणवतो: इथे तो प्रत्येक तुकडीला कह्यात ठेवू शकला नाही. हाताखालचे सेनानी आपापल्या मर्जीचे, काही तर त्याच्याआधीपासून त्या सैन्याचे मालक असल्यासारखे वागणारे. सगळ्या परिस्थितीचा दोष त्याच्या माथी मारणे योग्य नाही, पण तोस्नोचे काम झाले की नाही हे सेनापतीने स्वतः पाहायला हवे होते. एर्झुरुमला त्याने ते पाहिले असते.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत यांबुर्गही गेले. सैन्य नार्वापाशी एस्टोनियाच्या हद्दीत ढकलले गेले, तिथे त्याची शस्त्रे काढून घेतली आणि मग टायफस (उवांतून पसरणारा ताप) आला. छावण्यांत, गाड्यांत, रिकाम्या कारखान्यांत हजारो माणसे मेली. लढाईत मेली नव्हती इतकी. जानेवारी १९२० मध्ये सैन्य विसर्जित झाले. त्याच महिन्याच्या शेवटी बुलाक-बालाखोविच या त्याच्याच जुन्या सेनानीने तालिनमध्ये युदेनिचला पकडले. ब्रिटिशांच्या दबावामुळे तो सुटला. उरलेला पैसा सैनिकांची देणी चुकती करायला देऊन तो देशाबाहेर पडला.

पुढची तेरा-चौदा वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये, नीसजवळ गेली. राजकारणापासून तो दूरच राहिला. ५ ऑक्टोबर १९३३ रोजी सँ-लोराँ-द्यु-व्हार इथे तो वारला. आधी कानमध्ये ठेवलेली त्याची शवपेटी नंतर नीसच्या रशियन दफनभूमीत हलवली.